न्हाणीची कडी

इंदिरानगर, नाशिक
१२ एप्रिल

ती. मैनामावशीस,
निकिताचा नमस्कार.

आधी एक प्रश्न. मी बी.ए. झाले, घरात पहिलीच, म्हणून आई मला विचारते, "आता ह्या वयात मला कोण बघणारे? मग मला एवढं का लागतं गं?" तुला उत्तर सुचलं तर सांग.

बाबा मजेत आहेत. बायपास झाल्यापासून शर्टाची वरची बटणं उघडीच असतात. परवा गॅसवाल्यालाही छातीवरची खूण दाखवली. "इथून इथपर्यंत फाडलं व्हतं. आता इंजिन नवं हाय!" मिशी काळी करून तुझ्या वेदिकाच्या लग्नाला तयार बसलेत.

आई येणार नाही. तिचे गुडघे धरलेत, असं तुला लिहायला तिने सांगितलंय. फोन नको म्हणाली, कारण तुमच्याकडे फोन स्पीकरवर असतो. मागच्या वेळी तिने यायचं टाळलं तेव्हा तू म्हणालीस, "नाशकात फ्लॅट घेतला तशी अक्का मोठी झाली. राहू दे तिला तिथंच." आणि फोन ठेवलास. तेव्हापासून ती जेवता जेवता मध्येच थांबते.

गुडघे चांगले आहेत, मावशी. रोज जिना चढते ती.

मी मघापासून सारखी उठून गॅलरीत जातेय. आता लिहूनच टाकते.

दिवाळीनंतर तिचं गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं असं आम्ही सगळ्यांना सांगितलं. ते खोटं होतं. तिच्या उजव्या छातीत गाठ होती. ती बाजू पूर्ण काढली. आता धोका टळलाय म्हणतात. पण बाबा, जे स्वतःची छाती दारावर आलेल्यालाही दाखवतात, तिला म्हणाले, "कशाला बोभाटा? ह्या वयात काय फरक पडतो?" डॉक्टरही तेच म्हणाले.

ती ब्लाउजमध्ये रुमालाची घडी ठेवते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण घ्यायला वाकली आणि घडी सरकली. कोणाच्या लक्षात आलं नाही. तिच्या आलं. तू पाठवलेलं हिरवं ब्लाउजपीस कपाटात तसंच आहे. शिंपिणीकडे माप द्यायला जातच नाही.

मी तिला भाषण दिलं. लाज कसली, लपवू नकोस, बाबांसारखं उघड सांग. तिने शांतपणे ऐकलं. "झालं तुझं बोलून? मग सांग, मैनाने न्हाणीला कडी बसवली का?"

मला आधी कळलंच नाही. मग आठवलं. तुझ्या न्हाणीचं दार नुसतं ढकललं की उघडतं. लग्नघरात एकीची आंघोळ चालू असते आणि दुसरी "सरक गं, पाठ चोळते" म्हणत आत घुसते. तूच घुसतेस. आजवर घरातल्या प्रत्येक हळदीच्या सकाळी तुम्ही दोघी बहिणींनी एकमेकींची पाठ चोळलीय. त्याच्याच ओढीने तिला यायचंय आणि त्याच्याच धास्तीने ती येत नाही.

इथवरचं सगळं मी तिला त्याच दिवशी वाचून दाखवलं. आधी चिडली. "लय शहाणी झालीस!" मग बराच वेळ मेथी निवडत राहिली. देठं भाजीत टाकली, पानं कचऱ्यात. शेवटी म्हणाली, "मैनाला कळू दे. बाकीच्यांना नको."

तिने लपवूच नये असं मला अजूनही वाटतं. पण ते मला वाटतं.

त्यानंतर पत्र चार दिवस तसंच ठेवलं आणि गोजराबाई शिंपिणीला मी घरी बोलावलं. दार लावून माप झालं, घडीसाठी आतून खिसा लावून ते हिरवं ब्लाउज शिवूनही आलं. हे पत्र घेऊन येणारे दिनेशदादा आमच्या खालीच राहतात, तांदूळ आणायला तुमच्या घोटीला निघालेत. त्यांच्याजवळच्या पुडक्यात एक कडी आणि स्क्रू आहेत. न्हाणीच्या दाराला आतून बसवून घे. हळदीच्या आदल्या दिवशीच्या सकाळच्या एसटीची आमची तिघांची तिकिटं काढून झालीत.

त्या सकाळी तू आधी दार वाजव, मावशी. ती उघडेल की नाही, ते तिचं तिला ठरवू दे.

तुझ्या अक्काची लेक,
निकिता