हॉर्न वाजला आणि गोऱ्हे धावले

लाडक्या लिओटास,

थोरल्या बहिणीचे, हुल्डाचे, पोटभर आशीर्वाद. आधी आला तो नवरा, बायको मागच्या गाडीत होती. पण थांब, तुझा गुडघा कसा आहे? माझा बरा आहे (तू विचारलं नाहीस तरी सांगते).

तर आपल्या कॉर्विनचं गिऱ्हाईक, कॅन्सस सिटीचं ते जोडपं, सोमवारी गोऱ्हे बघायला आलं. यंदा माझ्या या नातवाने चाळीसही गोऱ्हे नुसत्या गवतावर वाढवायचं ठरवलं होतं. दाण्याचा कण नाही. शहरातले लोक तसंच मांस मागतात म्हणे. हा सौदा जमला तर त्याला हिवाळ्यात गावातल्या गोदामात कामाला जावं लागणार नाही, घरीच राहील पोरगा. मीही दाणा देणार नाही म्हणून मान डोलावली होती.

पण ऑगस्टात आपल्या टेकड्यांवरचं गवत तुला ठाऊक आहे. दिसायला कमरेएवढं, खायला झाडू (मी चावून बघितलंय). गोऱ्ह्यांच्या बरगड्या मोजता यायला लागल्या, मग मला जेवण जाईना. आमच्या ह्यांनी अशा वेळी खुराक टाकलाच असता. जुनी पिकअप काढायची, फाटकापाशी हॉर्न दाबायचा, गोऱ्हे आले की मक्याच्या भरड्याच्या कांड्या ओतायच्या. इकडे सगळे असंच करतात. मी काही रोज नाही केलं. रविवारी नाही केलं, कारण तेव्हा कॉर्विन घरी असतो.

तर तो नवरा फाटकापाशी आला, कडी कशी काढायची ते कळेना, म्हणून त्याने कुणीतरी यावं म्हणून हॉर्न वाजवला. झालं. टेकडीवरून फौज शेपट्या वर करून खाली. गाडीला वेढा घातला, आरसे चाटले, एकाने खिडकीतून डोकं घालून त्याची टोपी खाल्ली (गवताचीच होती, म्हणजे नियम मोडला नाही). कॉर्विन म्हणाला, आमची जनावरं जरा माणसाळलेली आहेत. बायको गाडीतून उतरली, गोऱ्ह्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आजी, यांना हॉर्नवर काय मिळतं?"

लिओटा, चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणारी बाई मी. सांगून टाकलं. कॉर्विनचा चेहरा बीटासारखा झाला. तो एवढंच म्हणाला, "आजी, तू मला शब्द दिला होतास." ते मात्र लागलं मला.

पण बाई गुणाची. तिने टेकडीकडे बोट दाखवलं. सात गोऱ्हे वर जागचे हलले नव्हते. ते बुजरे, उशिरा आणलेले, माझ्याकडे कधी आलेच नाहीत. ती म्हणाली, पुन्हा येऊ, हॉर्न वाजवू, जे येणार नाहीत ते आमचे. आवडले तर पुढच्या वर्षी सगळा कळप. बाकीचे बाजारात जातील, तिथे अंग धरलेलंच लागतं. आणि नवरा जाता जाता म्हणाला, इतकी तुकतुकीत जनावरं जिल्ह्यात पाहिली नाहीत. मी दोन दिवस गुणगुणते आहे.

तुझी,
हुल्डा

ता.क. मला थोडे दिवस तुझ्याकडे घेऊन जा. कॉर्विनने पिकअपची किल्ली लपवली आहे, पण मक्याची पोती माझ्या खोलीबाहेरच आहेत, मोह आवरत नाही.

ता.क. दुसरा. काल त्या सातातला एक कुंपणापाशी येऊन उभा राहिला. बुजरं लेकरू, कसं नाही म्हणायचं? एकच मूठ दिली. न्यायला येशील तेव्हा कॉर्विनला तूच सांग की आता सहा. मला धीर होत नाही. पण लवकर ये, पाहुणे पुढच्या आठवड्यात गुरुवारी येतो म्हणालेत.