काळ्या मातीची पट्टी आणि इतर उपाय

हिंगणी,
ता. १२ फेब्रुवारी १९५७

चिरंजीव हरिभाऊ भाऊजी यांस,

यशोदावहिनीचे अनेक आशीर्वाद. मी इकडे खुशाल आहे. गाय व्याली, कालवड झाली. तूर घरी आली. तुम्हीही खुशाल असाल असं लिहायची रीत आहे, पण मी ते लिहीत नाही, कारण माझ्या जावेचं, माणिकचं, पत्र परवाच मिळालं. कचेरीचा जिना चढताना तुम्ही आता दोनदा थांबता आणि वर पोचल्यावर पाच मिनिटं कोणाशी बोलत नाही, असं ती लिहिते. (ती कचेरीत नसते, मग तिला कसं कळलं, असं विचाराल. तुमच्या चपराशाची बायको तिच्याच विहिरीवर पाणी भरते.) तिने तुम्हाला विचारलं तर म्हणालात, वय झालं. एक्केचाळीस! आमच्या गावात एक्केचाळिसाव्या वर्षी माणसं दुसरी विहीर खणायला काढतात. पण रागावू नका, मी उपदेश करायला बसलेले नाही. गेल्या दोन महिन्यांपासून मीच प्रकृती सांभाळायला लागले आहे, आणि त्यात जे जे घडलं ते ऐकून तुम्हाला हसू येईल, एवढ्यासाठी लिहिते.

सुरुवात गुळाच्या पुडीपासून झाली. मी शाळेचं तोंड पाहिलं नाही, हे तुम्ही जाणताच. वाचायला शिकले ती वाण्याच्या पुड्यांवर, आणि अजूनही सामान डब्यात ओतलं की आधी कागद वाचते. (त्यामुळे मला जगातल्या पुष्कळ गोष्टींची सुरुवात माहीत आहे, शेवट मात्र क्वचितच.) तर त्या कागदावर मोठ्या अक्षरांत होतं, 'रोग येण्यापूर्वीच'. पहाटे उठावं, कोमट पाणी प्यावं, सूर्याला बारा नमस्कार घालावेत, एकेक घास बत्तीस वेळा चावावा. घासाचं लगेच करून पाहिलं. विसाच्या पुढे तोंडात चावायला काही उरत नाही, नुसते आकडे उरतात. अर्धी भाकर संपेपर्यंत भाजी गार झाली आणि माझ्या ताटाशी बसलेलं मांजर कंटाळून शेजारी गेलं.

नमस्कारांची चित्रं होती, म्हणून ते सोपे वाटले. दुसऱ्या दिवशी पहाटे अंगणात, लुगड्याचा काष्टा घट्ट खोवून, सुरू केलं. तिसऱ्या नमस्काराला कुंपणावरून शेजारच्या जिजाबाईचं डोकं वर आलं. (तुम्ही तिला पाहिलं आहे. गेल्या वेळी तुम्हाला बळेच चार भजी जास्तीची वाढणारी तीच.)

"काय हरपलं वं यशोदाबाई? मघापासून मातीत तोंड घालून काय शोधून राह्यल्या?"

मी खरं ते सांगितलं. तिची निराशा झाली. "मले वाटलं सोन्याचा मणी पडला," म्हणाली आणि गेली. पण तिने ही बातमी वाटेत कोणाला तरी अर्धीच सांगितली असावी, कारण दुपारी दोन बाया मणी शोधायला मदत करायच्या म्हणून सुपं घेऊन आल्या, आणि मणी नाहीच म्हटल्यावर माझ्याकडे अशा पाहू लागल्या की जणू मीच तो लपवला. त्यांतली एक जाता जाता म्हणाली, नवरा गेल्यावर हिला तब्येत कोणासाठी सांभाळायची आहे? प्रश्न वाईट नव्हता. मी दोन दिवस त्यावर विचार केला. उत्तर असं निघालं की आमची गाय माझ्याशिवाय दुसऱ्या कोणाच्या हाताला पान्हा सोडत नाही. तेवढं कारण मला पुरलं.

आठ दिवसांनी जिजाबाई आपण होऊन आली. "मले बी शिकवा. माहे गुडघे कुलपावानी वाजून राह्यले." आणि तिथून आमचा खरा घोटाळा सुरू झाला.

पुढची पुडी धण्याची होती. तिच्यावर लिहिलं होतं की पोटावर ओल्या मातीची पट्टी ठेवल्याने पचन सुधारतं, डोकं शांत होतं, झोप चांगली लागते. "माती मात्र अशी घ्यावी की—" आणि इथे कागद फाटलेला. कशी घ्यावी? मी विचारात पडले. जिजाबाई पडली नाही. "मातीची आपल्या वावरात का कमी हाय?" म्हणून तिने कपाशीच्या वावरातली टोपलंभर काळी माती आणली. भाऊजी, आम्ही दोघी या मातीत जन्मलो. ओली असताना ती बंडीची चाकं धरून ठेवते, वाळली की आखडते आणि भेगेत हात जाईल अशी फाटते, हे लहान पोरही सांगेल. पण छापलेल्या अक्षरापुढे माणसाची अक्कल गप्प बसते. मागच्या अंगणात दार लावून, चार बोटं जाड चिखल पोटावर थापून, आम्ही उन्हात शेजारी शेजारी आडव्या झालो. झोप चांगली लागते एवढं मात्र कागदात खरं होतं.

जाग आली ती जिजाबाईच्या ओरडण्याने. "माय वं! मले कोनं तरी धरलं!" माती वाळली होती, आखडली होती, आणि जाताना आमची कातडी सोबत नेऊ पाहत होती. वाकता येईना, बसता येईना. हसू आलं तर पोट ओढलं जाई, आणि हसू तर थांबेना. शेवटी कुशीवर लोळत, भिंतीला धरून, दोन फळ्यांसारख्या उभ्या राहिलो आणि गुरांच्या पाण्याच्या टाक्यात उतरलो. माती भिजून सुटायला चांगला तासभर लागला. तोवर तहानलेली गाय समोर उभी होती, आणि तिने आमच्याकडे ज्या नजरेने पाहिलं ते मी जन्मात विसरणार नाही. पचन सुधारलं की नाही ते कळलं नाही, कारण भीतीने त्या दिवशी आम्ही काही खाल्लंच नाही.

एवढं झाल्यावर शाळेतल्या प्रेमदास गुरुजींकडे गेलो. ते स्वतः वीस वर्षं आसनं करतात. ऐकून हसले नाहीत. (म्हणजे आमच्यासमोर नाही. मागून खोकल्याचा आवाज आला, पण गुरुजींना खोकला नाही.) माती भुसभुशीत, चाळलेली, फडक्यात गुंडाळून, अर्ध्या घटकेपुरती ठेवायची असते आणि या गोष्टी पुडीवरून शिकू नयेत, असं म्हणाले. आता रोज सकाळी शाळेच्या पडवीत आम्ही अकरा बाया जमतो. मी बारा नमस्कार न थांबता घालते, लोणचं सोडलं, चहा दोन वेळांवर आणला, नदीपर्यंत चालून येते.

पहिल्या दिवशी गुरुजी म्हणाले, डोळे मिटा आणि नुसते श्वास मोजा. बाकीच्या बायांना ते जड गेलं. मला येत होतं. तुमच्या दादांच्या शेवटच्या महिन्यात मी दुसरं काय करत होते? त्या वर्षी त्यांनी तीनदा चांभाराकडून चपलेचा पट्टा सैल करून घेतला. आम्ही चांभाराला नावं ठेवली, कातड्याला नावं ठेवली. पायाला सूज आहे हे आमच्या डोक्यात आलं नाही. धाप लागली की तेही म्हणायचे, वय झालं. चव्वेचाळीस. त्या सकाळी मी पडवीत शंभरापर्यंत मोजलं, आणि शंभर झाल्यावरही श्वास चालूच होता, तेव्हा लक्षात आलं की हा माझा आहे.

असो. हसवायला बसले होते. माणिकला आशीर्वाद सांगा. तिने जिन्याचं मला कळवलं म्हणून तिच्यावर रागावू नका, माझ्यावर रागवा, मी लांब आहे.

तुमची वहिनी,
यशोदा

ता. क. पत्र जिजाबाईला वाचून दाखवलं. ती म्हणते, खोटं लिहू नका. तर नमस्कार बारा नाही, पाच होतात. सहाव्याला मी खाली जाते, वर मला ती आणते. चहाचंही दोन वेळा बरोबर आहे, पण प्रत्येक वेळी दोन कप.

दुसरा ता. क. मुख्य काम राहिलंच. येत्या बुधवारी, वीस तारखेला, मला सेवाग्रामच्या दवाखान्यात दाखवायला जायचं आहे. बाईमाणूस एकटी कुठे विचारत फिरणार? रजा काढून सोबत चला. तुम्ही शाळेत होतात तेव्हापासून तुम्हाला ओळखते. स्वतःसाठी तुम्ही पाऊल उचलणार नाही, वहिनीला नाही म्हणणार नाही.

तिसरा ता. क. लिफाफा चिकटवत होते, पण खोटं लिहून राहवत नाही. मला काही झालेलं नाही. तिथे दंडाला पट्टा बांधून हवा भरतात आणि रक्ताचा दाब मोजतात, दुखत नाही म्हणे. आधी माझ्या दंडाला बांधू द्या, मग तुमच्या. रजेचा अर्ज माणिकने लिहून ठेवला आहे, सही तेवढी करा. तुमच्या दादांना मी एकदाही 'चला' म्हटलं नाही, चिडतील म्हणून. तुम्ही खुशाल चिडा. सेलूपर्यंत जिजाबाईची बंडी आणि पुढे मोटार अशी मी बुधवारी नऊच्या आत तुमच्या दारात आहे.