मधला तुकडा

४ मे
ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तब्येत ठणठणीत आहे, चेहरा मात्र तव्यासारखा झालाय. या माळावरची परकी काटेरी झुडपं काढून मूळचं गवत पेरायचं, हे आमचं काम. पहिल्या टप्प्यात चाळीस एकर. आखणी मीच केली: यंत्र चारही कडांनी गोल फिरत मध्ये येणार. साहेब खूश आहेत. तू पाहायला ये, गुडघ्यांची सबब चालणार नाही.

लोभ आहेच, तो पत्राने कळव.
तुझी एकुलती भाची,
खार

९ मे
चि. खारीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

गुडघे कुरकुरतात, पण तोंड शाबूत आहे. एक शंका विचारते, हसू नकोस. मी नवखी नर्स होते तेव्हा रंगकामासाठी वॉर्ड रिकामा करायचा होता. कॉन्व्हेंटमध्ये नीटनेटकेपणाची बक्षिसं मिळवलेली मी. दारापासून सगळं सामान ओळीने रचत आत गेले. सामानाने दार बंद झालं आणि आठ रोगी खाटांसकट आत अडकले. सामान हलेपर्यंत मेट्रननी मला त्या रोग्यांजवळ बसवून ठेवलं. ते संकोचलेले चेहरे मला अजून दिसतात.

तुझ्या झुडपांत कोणी राहतं का गं? तू चहूकडून आत आलीस, तर त्यांनी जायचं कुठून?

रागावू नकोस. माया तशीच राहू दे.
तुझी आत्या

१३ मे
ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा मधले तीन एकर उरले होते. यंत्र चालवणारे काका दोन दिवस सांगत होते, बाई, आत गर्दी झालीये. मी कानाआड केलं. पत्र वाचून तिथे जाऊन वाकून पाहिलं. ससे, मुंगसं, तितरं एकमेकांना खेटून बसली होती. बाहेर उघडं रान आणि टपलेली कुत्री. काल एक ससा पात्याखाली आला. तो लगेच मेला नाही. हे तुला लिहिणार नव्हते.

मी यंत्र थांबवलं. साहेब म्हणाले, आपण माळ वाचवतोय, ससे नाहीत. मी म्हटलं, मग माळावर राहणार कोण? त्यांनी चार दिवस दिलेत. नंतर यंत्र चालणार, माझ्याशिवायही. आम्ही तोडलेल्या फांद्या रचून ओढ्यापर्यंत आडोशाची वाट करतोय.

तुझ्या धाकाची सध्या गरज आहे.
खार

१९ मे
ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

कुत्री हाकलली, माणसं लांब ठेवली. वाटेवर बारीक माती पसरली होती. पहिल्या सकाळी कोरीच. दुसऱ्या सकाळी सशांची पावलं, सगळी ओढ्याकडे जाणारी. चौथ्या सकाळी साहेब आले, उकिडवे बसून आत डोकावले. आत फक्त अंड्यांवर बसलेली एक तितरी होती. साहेबांनीच हलक्या आवाजात सांगितलं, एवढा अर्धा एकर पुढच्या वर्षी बघू.

पलीकडच्या साठ एकरांची आखणी नव्याने केलीय. आता मधून सुरुवात, कडांकडे जायचं. कागदावर आखणी करणाऱ्याच्या नावाच्या जागी काकांचं नाव लिहिलं. ते म्हणाले, बाई, माझं अक्षर वाईट आहे, सही तुम्हीच करा. मी पेन त्यांच्या हातात दिलं.

तुझी,
खार