भूपाच्या नावाची मूठ

भूपा, तुझ्या बापाचा उधन्याहून आशीर्वाद.

सीमेवर लढाई पेटल्यापासून तुझा फोन नाही. घरात टीव्ही चालू असतो, पण तुझी माय त्याचा आवाज बंद ठेवते.

कानबाईच्या नैवेद्याच्या रोटाचे गहू यंदाही मीच मोजले. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ, तुला माहीतच आहे. माझ्या नावाची टाकली. मग तुझं नाव घेतलं आणि हात सुपावरच थांबला. मनात काय आलं ते लिहीत नाही.

"हात काबर थांबना?" माय म्हणाली.

मी म्हटलं, "सांधे धरलेत."

"नाव घेताना बरे धरले," म्हणाली, आणि माझी मूठ तिने स्वतः सोडवली.

आज रोट झाला. आम्ही जेवलो, तुझा वाटा ताटात राहिला. मी म्हटलं, त्याचा फोन येईपर्यंत झाकून ठेवा. माय म्हणाली, रोट घरच्यांनीच संपवायचा असतो. पण ताटाला हात तिनेही लावला नाही. तेव्हा तुझ्या उज्ज्वलाने ते ओढून घेतलं.

"माझ्या नवऱ्याचा वाटा मी खाते. आल्यावर भांडू द्या त्यांना माझ्याशी."

मधे पाणीही न पिता तिने सगळा संपवला.

हे पत्र मी पेटीत टाकणार नाही. फोन आला की रोट गोड झाला एवढंच सांगेन. माझा हात थांबला हे तिथे वाचलंस, तर नको त्या वेळी तुझाही थांबेल.

तुझी वाट बघणारा,
धुडकू