रिटर्न ५-८९

निंभोरा, ता. रावेर
२२ जानेवारी १९८९

॥ श्री ॥

चि. अभिमन यास झुंबरबाईचे अनेक आशीर्वाद. वि. वि. आम्ही इकडे बरे आहोत, धुळ्याची मंडळीही बरी असतीलच. थंडीने केळीची पानं करपली, घड मात्र चांगले आहेत. तुझ्या सुनंदाच्या लोणच्याची बरणी रिकामी झाली. परत हवी असेल तर तिने स्वतः येऊन न्यावी.

तू मालधक्क्यावर वॅगनींचे नंबर लिहितोस, म्हणून एक विचारते. नोव्हेंबरात लीलाधर केळीच्या वॅगनीबरोबर दिल्लीला गेला तो तिकडेच राहिला. का राहिला ते तुला अर्धंच माहीत आहे. तुझे दाजी गेल्यावर वर्षाच्या आत पोराचं लग्न उरकावं म्हणून मी धरणगावच्या पुना पाटलांची मुलगी पाहिली. ऐन सुपारीच्या दिवशी हा म्हणाला, बापाला जाऊन चार महिने झाले नाहीत, मी बाशिंग बांधणार नाही. चार माणसांत माझी मान खाली गेली. मी म्हणाले, मी बोलावल्याशिवाय या घराचा उंबरा चढू नको. तो म्हणाला, बोलावल्याशिवाय येणारही नाही.

गाडी भरली त्या दिवशी मी स्टेशनवर गेले होते, पण बोलले नाही. वॅगनीच्या दारावर रंगाने जे जे लिहिलं होतं ते कॅलेंडरच्या मागे उतरवून घेतलं. माझी शाळा चौथीपर्यंतची, इंग्रजी अक्षरं रांगोळीसारखी बघून बघून काढली. वर म. रे., त्याखाली सी आर टी, मग ४१३२७, आणि कोपऱ्यात रिटर्न ५-८९. जीवराम मास्तर म्हणतात, रिटर्न म्हणजे परत येणे. म्हणजे वॅगन मे महिन्यात परत येणार, आणि तिच्याबरोबर लीलाधर. पण कितव्या तारखेला? पंचांगात अक्षय्य तृतीया, आपली आखाजी, आठ तारखेला आहे. तुझ्या दाजींची ही पहिली आखाजी, त्यांच्या नावाची घागर पोरानेच भरायला हवी. तेवढं बघून कळव. बहिणीची आठवण असू द्यावी, ही विनंती.

तुझी अक्का

धुळे
३० जानेवारी १९८९

तीर्थरूप अक्कास अभिमनचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि. तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा डोकं धरून बसलो.

म. रे. म्हणजे ती वॅगन मध्य रेल्वेच्या मालकीची. बैलाला डाग देतात तसं समज. पण बैल संध्याकाळी गोठ्यावर येतो, वॅगन येत नाही. दिल्लीला केळी उतरली की तिच्यात गहू भरतील, गहू उतरला की सिमेंट. सी आर टी हा डब्याचा प्रकार, पुढचा आकडा तिचा नंबर. आणि रिटर्न ५-८९ म्हणजे मे महिन्यात तिने दुरुस्तीसाठी कारखान्यात परत जायचं. कारखान्यात, निंभोऱ्याला नव्हे.

दुसरं असं, की लीलाधर काही त्या वॅगनीत बसून राहिलेला नाही. तो मंडईत आडत्याच्या गाळ्यावर केळी उतरवून घेतो. मला महिन्याला एक कार्ड टाकतो, प्रकृती ठणठणीत आहे. तू त्याला ये म्हणून दोन ओळी लिही, तो रात्रीचा दिवस करून येईल. आमच्यावर रागावू नये, माया पातळ होऊ देऊ नये.

तुझा अभिमन

निंभोरा
१९ फेब्रुवारी १९८९

चि. अभिमन यास अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझं उत्तर मिळालं. त्याने उलगडा होण्याऐवजी गोंधळच वाढला. वॅगन मध्य रेल्वेची, तर ती दुसऱ्यांचा गहू कशाला वाहते? आणि ज्या कारखान्यात तिने जायचं, त्यांनी तारीख का नाही टाकली, नुसता महिनाच का? एक तारीख असेल तर ठीक, एकतीस असेल तर मी घागर कोणाकडून भरून घेऊ?

रेल्वेने लोखंडावर रंगवून लिहिलंय परत येणार, आणि रेल्वेचाच माणूस म्हणतो येणार नाही. मी कोणाचं खरं मानू? मी तर गावात सांगून मोकळी झाले, की लीलाधर मे महिन्यात येतोय. कुंभाराला घागरही सांगितली.

पुना पाटलांच्या मुलीचं एरंडोलला जमलं, पत्रिका आली. तिकडचा राग आता धरायला जागा नाही. माझा शब्द तेवढा उरला आहे. मी लीलाधरला लिहिणार नाही, आणि तूही माझ्या नावाने लिहू नको. मी त्याला बोलावलेलं नाही. वॅगनीवर काय लिहिलंय ते मात्र लिहिलेलं आहे, ते काही मी लिहिलं नाही. आहे तेवढा जिव्हाळा राहू दे.

तुझी अक्का

धुळे
१२ मार्च १९८९

चि. लीलाधर यास मामाचे आशीर्वाद. वि. वि. तुझं कार्ड पोचलं. आता मी लिहितो ते शांतपणे वाच, कारण मला स्वतःला ते नीट समजलेलं नाही.

तू गेलास त्या वॅगनीच्या दारावर रिटर्न ५-८९ असं रंगवलेलं होतं. ते दुरुस्तीचं आहे. पण तुझ्या आईने ते तुझ्या परत येण्याचं धरलं आहे, गावातही तसं सांगून टाकलं आहे. मी पत्राने समजावलं, मग रविवारी निंभोऱ्याला जाऊन तासभर समजावलं. तिने सगळं ऐकून घेतलं, मला जेवायला वाढलं आणि विचारलं, मग एक तारीख की एकतीस? वीस वर्षं मी वॅगनींचे नंबर लिहितोय. परवा धक्क्यावर एका वॅगनीवर रिटर्न दिसलं आणि क्षणभर मलाच कळेना, की हिच्याबरोबर कोण परत यायचं आहे.

तुझ्या सुनंदामामीला सगळं सांगितलं, तर ती म्हणाली, अक्कानं बठ्ठं बराबर शे, तुमलेच समजत नही. आता अक्काचं सगळं बरोबर ते कसं, हे कोणाला विचारू? अक्काने तुला बोलावलेलं नाही, हे मी स्पष्ट सांगतो. दाजींसाठी घागर मात्र सांगून ठेवली आहे. मामाला विसरू नये, इतकंच मागणं.

अभिमनमामा

दिल्ली
९ एप्रिल १९८९

तीर्थरूप मामांस लीलाधरचा शि. सा. नमस्कार. वि. वि. तुमचं पत्र वाचून मी घाबरलो. वडील गेल्यापासून आईच्या मनावर परिणाम तर झाला नाही ना? तिच्यासारखी हुशार बाई असं कसं धरून बसेल?

त्या दिवशी स्टेशनवर ती माझ्याकडे पाठ करून वॅगनीच्या दाराशी उभी होती, हातात पेन्सिल होती. मला वाटलं, तोंड बघायचं नाही म्हणून उभी आहे. गाडी हलली तरी ती वळली नाही, आणि मीही हाक मारली नाही. त्याचं मला फार वाईट वाटतं.

तिने बोलावलं नाही, तर मी कोणत्या तोंडाने जाऊ? आणि मे उलटला नि मी गेलो नाही, तर ती गावात काय सांगेल? माझं डोकं चालत नाही. मी पाच तारखेला निघतो. तिने उंबऱ्यावरून परत पाठवलं तर धुळ्याला तुमच्याकडे येईन. मामींना नमस्कार. तुमचा हात पाठीवर असावा.

आपला लीलाधर

निंभोरा
२१ मे १९८९

॥ श्री ॥

चि. अभिमन यास अनेक आशीर्वाद. वि. वि. लीलाधर सहा तारखेला आला. वाळला आहे, मिशी ठेवली आहे, ती त्याला शोभत नाही. उंबऱ्याबाहेर उभा राहून म्हणाला, वॅगनीची मुदत भरली म्हणून आलो. मी म्हटलं, रेल्वेचा नियम आहे, त्याला मी काय करणार, आत ये. आखाजीला त्याने बापाची घागर भरली, वर खरबूज आणि दोन आंबे ठेवले, आणि मग न्हाणीत जाऊन बराच वेळ रडला. मीही रडले. बरं वाटलं.

आता तुला एक सांगते, ते तुझ्यापाशीच ठेव. रिटर्न म्हणजे कारखाना, हे मला तुझ्या पहिल्या पत्रातच कळलं होतं. तू चांगलं समजावून लिहिलं होतंस. पण बोलावणार नाही म्हणाले होते, तो शब्द मला गिळता येईना आणि पोराशिवाय दिवस जाईना. लोखंडावर लिहिलेलं ना माझं होतं, ना त्याचं. तुला फुकट फेरी घालायला लावली, माफ कर. सुनंदाला पहिल्यापासून कळलं होतं, तिची बरणी भरून पाठवते.

काल केळीची गाडी भरली आणि तो पुन्हा दिल्लीला गेला. काम आहे तिकडे, मी अडवलं नाही. पण गाडी भरेपर्यंत मी या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्या वॅगनींची दारं वाचत गेले. कुठे ३-९१, कुठे ११-९०. शेवटून तिसरीवर ९-८९, म्हणजे सप्टेंबर, सापडलं. तेव्हा भादवा, पितृपक्षात त्याच्या बापाचं पान वाढायचं असतं. मी लीलाधरला म्हटलं, याच वॅगनीत बस. त्याने ते आकडे वाचले, माझ्याकडे बघितलं, आणि आपली वळकटी त्याच वॅगनीत टाकली. भावाने बहिणीला असंच सांभाळून घ्यावं.

तुझी अक्का