वेब सोडून काहीही

३ फेब्रुवारी
साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. लिफ्ट बंद पडली की लोक फोन करतात, तो मी उचलतो आणि रजिस्टरमध्ये लिहितो. एकोणीस वर्षं हेच. एप्रिलपासून फोन बंद. तक्रारी कंपनीच्या वेबसाइटवर एका पानावर येणार. ते पान मी बनवून सांभाळलं तर खुर्ची माझी, नाहीतर बदली गोडाऊनला, सुटे भाग मोजायला. ऑर्डरची प्रत हातात दिली. दोन महिने आहेत, शिकाल ना, असं विचारलं. त्यात काय आहे, असं म्हणालो. आवाज जरा बारीक निघाला, पण तो एसीमुळे.
गोडाऊनला खिडकी नाही. एकदाच गेलो होतो, अर्ध्या तासात जीव गुदमरला. जायला अडीच तास, यायला अडीच तास. मी तिथे जाणार नाही.
हिला सांगितलेलं नाही. उगीच काळजी करेल.

४ फेब्रुवारी
कोडिंग शिकवणाऱ्या साइटवर अकाउंट उघडलं. पहिलाच प्रश्न: कोणती भाषा शिकायची? चौदा पर्याय. एवढ्या मोठ्या निर्णयात घाई नको म्हणून लॅपटॉप बंद केला.

५ फेब्रुवारी
वेबचा कोर्स घेतला. तीन धडे झाले. मथळा मोठा केला, मग निळा केला. सोपं आहे. संशय येण्याइतकं सोपं.
हॉलमध्येच सासऱ्यांची खाट आहे. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून ते आमच्याकडे असतात. चाळीस वर्षं शिंपीकाम केलं, आता खाट आणि वॉकर. त्यांनी चष्मा लावून स्क्रीनकडे बघितलं आणि विचारलं, जावईबापू, अक्षरं कडेला का चिकटलीत? मी हसलो. काय सांगणार त्यांना.

७ फेब्रुवारी
अकाउंट्समध्ये एक जण आहे. जगातली प्रत्येक बातमी त्याला दुसऱ्याकडून कळलेली असते, म्हणून त्याला सगळे अपडेट म्हणतात. अपडेट म्हणाला, वेब म्हणजे प्रोग्रॅमिंगच नव्हे, नुसती रंगरंगोटी. खरी भाषा पायथन. पटलं. मी काही रंगारी नाही. वेब सोडलं.

१२ फेब्रुवारी
पायथन, धडा चौथा. प्रोग्रॅम एकदा सुरू झाला तो थांबेचना. वायर काढून बघितली, तरी बॅटरीवर चालूच. दोष साइटचा असावा. अपडेटच्या मते पाया कच्चा आहे. पाया म्हणजे सी. उद्यापासून सी, रोज दोन तास, काहीही झालं तरी.

१३ फेब्रुवारी
डोकं दुखत होतं.

१९ फेब्रुवारी
सीमध्ये पाच ओळी लिहिल्या, कॉम्प्युटरने नऊ चुका दाखवल्या. ओळींपेक्षा चुका जास्त कशा, हे कुणी सांगत नाही. सोडून जावा घेतली. आजच्या तारखेला मला चार भाषा येतात. चारही भाषांत स्क्रीनवर 'नमस्कार' छापू शकतो. हे किती जणांना जमतं?
संध्याकाळी घरी येतो तेव्हा लॅपटॉप गरम असतो. बॅटरी म्हातारी झाली.

२४ फेब्रुवारी
गंमत. तीन धड्यांवर सोडलेला वेबचा कोर्स साइटवर ४१ टक्के दिसतोय. बराच विचार केला. साइट हुशार आहे, अवघड भाषांमधली मेहनत वेबच्या खात्यात धरते. मोठं शिकलं की छोटं आपोआप येतं, हे मी म्हणतच होतो. सासऱ्यांना समजावून सांगितलं. ते काहीतरी बोलायला लागले होते. म्हटलं, नंतर.

६ मार्च
७३ टक्के. जेवताना सासरे म्हणाले, कापडात शिवणीसाठी जास्तीची माया सोडतो ना, तशी चौकोनाच्या आतसुद्धा सोडावी लागते, नाहीतर अक्षरं कडेला दाटतात. मी विचारलं, कुठला चौकोन? ही म्हणाली, बाबा, आमटी निवतेय. त्यांनी वाटी तोंडाला लावली. आजारपणात माणूस असा भरकटतो. वाईट वाटलं.

१४ मार्च
शंभर टक्के. सर्टिफिकेटवर ठसठशीत माझं नाव. लॅमिनेट करून घेतलं. शेवटी स्वतःचं एक पान बनवायचं असतं, तेही तयारच होतं, आणि नेमकं लिफ्टच्या तक्रारीचं. साइटला माझं ऑफिस कसं कळलं देवाला माहीत. हल्ली सगळ्यांकडे सगळी माहिती असते.
अपडेटला सर्टिफिकेट दाखवलं. त्याला आता कुठल्याशा पाचव्या भाषेबद्दल कळलंय. ऐकून घेतलं.

२६ मार्च, दुपारी १२
घरचा लॅपटॉप नेऊन साहेबांना पान दाखवलं. फार सुबक आहे म्हणाले. इतकं नीटनेटकं काम त्यांनी पाहिलं नव्हतं. मी मान खाली घातली. विनयाने. फक्त फोन नंबरचा रकाना पत्त्याच्या वर घ्या म्हणाले. आत्ताच घ्या, मी बसलोय.

२६ मार्च, दुपारी १२.४०
टॉयलेटमध्ये आहे. इथे रेंज चांगली येते असं सांगून लॅपटॉप घेऊन आलो. एकशे चाळीस ओळी आहेत, एकही ओळखीची नाही. एक पुसून बघितली तर सगळं पान पांढरं झालं. बाहेर साहेबांचे बूट वाजतायत. इथेही खिडकी नाही.

२६ मार्च, संध्याकाळ
झालं ते लिहून ठेवतो. बरं वाटत नाही, घरी येतोय, एवढंच सांगायला हिला फोन केला. तिने विचारलं, पान बिघडलं का? मी तिच्याशी कधीही कुठल्याही पानाबद्दल बोललो नव्हतो. थांबा, बाबांना देते, म्हणाली. साहेबांना काय हवंय आणि पान कसं पांढरं झालं, ते त्यांना सांगितलं. सासरे म्हणाले, आधी पुसलेलं परत आणा. मग अठ्ठावीस ते एकतीस या ओळी उचला आणि एकोणिसाव्या ओळीच्या वर ठेवा. टाइप करायला हात मोकळे हवेत म्हणून फोन स्पीकरवर होता. रकाना वर गेला. दार उघडलं तर साहेब समोरच. कोण होतं, असं विचारलं. सासरे, म्हणालो. काय करतात? शिंपी, म्हणालो. साहेबांनी सासऱ्यांचा नंबर लिहून घेतला.
बदलीची ऑर्डर हिला चार फेब्रुवारीलाच सापडली होती, धुवायला टाकलेल्या शर्टाच्या खिशात. म्हणजे दोन महिने मी घरात निर्धास्त चेहऱ्याने वावरलो तो कुणासाठी? सासऱ्यांना विचारलं, का केलंत? म्हणाले, अर्धवट काम मशीनवर सोडलेलं मला बघवत नाही. शिवाय दुपारी घरात दुसरं कोण असतं? मला फार लाज वाटली. ती लपवायला पाणी पिऊन आलो.

३१ मार्च
साहेबांनी सासऱ्यांना फोन केला. पान सांभाळायचं काम त्यांना दिलं, घरून. त्यांनी एकच अट घातली म्हणे: जावईबापूंना गोडाऊनला पाठवायचं नाही, माझ्या हाताखाली द्या. साहेब तयार झाले. ऑफिसातली खुर्ची गेली. माझं स्टूल आता हॉलमध्ये, खाटेशेजारी. पदनाम: मदतनीस. अर्थात तात्पुरतं. थोडा अनुभव आला की मी वेगळा होणार आहे.

१ एप्रिल
पहिला दिवस. सासऱ्यांनी बाकीच्या सगळ्या भाषा बंद करायला लावल्या. एकच बटण दिलं, चौकोनाच्या बरोबर मध्ये आणा म्हणाले. सकाळी नऊपासून बसलो. ही दोनदा चहा देऊन गेली. पाचला दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला, बोटाने स्क्रीनवर दोन्ही बाजूंचं अंतर मोजलं आणि सांगितलं, उसवा.
उसवतोय.