बद्द वाजलेला क्रूस

सर, तुमचा क्रूस अजून खणखणीत वाजतो. गेल्या रविवारी नातीला गाडी काढायला लावली आणि ट्रॉयमधल्या घरून थेट तुमच्या दफनभूमीत गेले. पर्समधून छोटी हातोडी काढली आणि तुमच्या उशाशी उभ्या असलेल्या त्या लोखंडी क्रूसावर एक टोला दिला. नात कानकोंडी होऊन म्हणाली, "आजी, स्टॉप इट! पीपल आर वॉचिंग." बघू देत की. तुमच्या लोखंड ओतायच्या फाउंड्रीतून जाणारा प्रत्येक नग मीच पास करत होते, एवढा हक्क माझा आहेच. पण आवाज घुमत राहिला तशी तीही थांबली. हळूच म्हणाली, "वन मोअर टाइम?"

जर्मनीतून तुम्ही एक पेटी घेऊन इथे अमेरिकेत आलात आणि दुसऱ्याच्या फाउंड्रीत वाळू उपसण्यापासून सुरुवात केलीत, हे तुम्ही आम्हाला इतक्यांदा ऐकवलंत की आम्ही तुमच्या पाठीमागे त्याची नक्कल करायचो. पुढे स्वतःची भट्टी पेटवलीत, गाड्यांचे ब्रेक ड्रम ओतायला लागलात, आणि कोल्हापूरहून आलेल्या साडीतल्या बाईला इंटरव्ह्यूत एकच प्रश्न विचारलात. दोन ड्रम साखळीला टांगलेले होते. "यातला कुठला गिऱ्हाइकाला द्यायचा?" मी दोन्ही वाजवले. एक घुमला, दुसरा बद्द वाजला, म्हणजे आत कुठेतरी तडा. बद्द वाजणारं मडकं परत करणाऱ्या बायकांमध्ये वाढलेली मी, मला त्यात काय अवघड? तुम्ही हसलात आणि तुमची हातोडी माझ्या हातात दिलीत. तीच ही हातोडी.

एकदा डब्यातली इडली तुम्हाला दिली तेव्हा मी सहज बोलून गेले, की इथे आप्पेपात्र मिळत नाही, मुलं आप्प्यांसाठी रडतात. वाट्यावाट्यांचा तवा कागदावर काढून दाखवला. तुम्ही त्या चित्राकडे बघतच राहिलात. म्हणालात, "हा माझ्या आईकडे होता. ती नाताळात यात गोड गोळे करायची." मग स्वतः लाकडाचा साचा कोरलात, वाळूत त्याचा ठसा घेऊन स्वतः ओतलंत, आणि सगळ्यांसमोर हातोडी मारलीत. बद्द! मी म्हटलं, "सर, यात मला आप्पेच करायचे आहेत, गाडी थांबवायची नाहीये." तुम्ही ते माझ्या डोळ्यांदेखत भंगारात फेकलंत. "बद्द वाजणारं काही माझ्या दारातून बाहेर जात नाही. थांब, दुसरं करून देतो." किती राग आला होता मला! आणि मग तुम्ही अंथरूणच धरलंत. हॉस्पिटलमध्ये भेटायला आले तेव्हाही "आज काय रिजेक्ट केलंस?" हेच विचारत होतात. आप्पेपात्राचा विषय मी काढला नाही, तुम्हीही नाही.

तुमच्या गावच्या दफनभूमीत होते तसा लोखंडी क्रूस आपल्याच फाउंड्रीत ओतायचा, ही तुमची शेवटची इच्छा. तुम्ही गेलात आणि तो ओतला. काय देखणा झाला होता! त्यावरचं तुमचं नाव बघून साचे भरणारे भले भले मोल्डर डोळे पुसत होते. मी हातोडी मारली. बद्द. पुन्हा मारली. बद्दच. तुमचा मुलगा काकुळतीला आला. "अहो, जर्मनीहून सगळे आलेत, उद्या दफन आहे. कबरीवर हातोडी मारायला कोण येणार आहे?" घरी नवराही म्हणाला, "अगं, फ्युनरल आहे ते, ऑडिट नाही. साइन करून टाक ना यार." नोकरी जाईल असंही वाटलं, आता मालक तो होता. पण ज्या माणसानं माझं आप्पेपात्र फेकलं, त्याच्याच उशाशी मी तडा गेलेलं लोखंड उभं करू? मी सही केली नाही. तुमच्या दफनाला साधा लाकडी क्रूस लागला, आणि पाहुणे माझ्याकडे बघेनात. मी मात्र मान ताठ ठेवून उभी होते. तुमच्या तालमीतली होते, अजून आहे, आणि त्याचा मला भारी अभिमान आहे.

पाहुणे परतल्यावर पहिला क्रूस वितळवून पुन्हा ओतला. तो असा घुमला की तुमच्या मुलानं माझा हात हातात घेतला. भट्टीच्या तळाशी लोखंडाचा थोडा रस उरला होता. म्हाताऱ्या हेड मोल्डरनं तुम्ही कोरलेला आप्पेपात्राचा साचा जपून ठेवला होता, वाळूत त्याचा ठसा घेऊन त्यानं तो रस त्यात ओतला. दुसऱ्या दिवशी ते आप्पेपात्र वर्तमानपत्रात गुंडाळून मला दिलं. "बॉसनं प्रॉमिस केलं होतं," एवढंच म्हणाला.

आता तुमची फाउंड्री नाही, तिथे गोदामं झाली आहेत. आप्पे मात्र अजून होतात, नात चटणीऐवजी केचपशी खाते. हे पत्र टाकायला पेटी कुठली, ते ड्रॉवरमध्ये हातोडीखाली राहील. तुमच्याकडचा हरेक नग मी वाजवून पाहिला सर, तुमचा क्रूससुद्धा सोडला नाही. फक्त हे आप्पेपात्र आजवर कधी वाजवलं नाही. बद्द वाजलं तर तुमच्या नियमानं फेकावं लागेल, आणि ते माझ्याच्यानं होणार नाही.